हवेची पट्टी

काच

तो आला तेव्हा शेगडीची काच स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काळी झाली. म्हणजे तो आल्यावर झाली. म्हातारी आई हे मोठ्याने बोलली. बाकीचे मनात बोलले असावेत, असं त्याला वाटलं.

बर्फाने वरचा रस्ता बंद झाला आणि लाकूडतोडीच्या तळावरून सगळ्यांना घरी पाठवलं, तेव्हा तो पाठीवर वळकटी आणि छातीत खोकला घेऊन परतला होता. दारातून आत पाऊल टाकल्यावर त्याने आईकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं नाही. शेगडीकडे पाहिलं. लोखंडाची, चार पायांवर बसलेली, पुढे काचेचं दार, मागून निघून छपराबाहेर गेलेली धुराची नळी. दाराखाली एक दांडी, आणि दांडीच्या आतल्या टोकाला हवेची पट्टी, हवेचं भोक झाकणारी. दांडी बाहेर ओढली की हवा बंद, आग मंद, निखारे सकाळपर्यंत. आत ढकलली की हवा चालू. ही शेगडी त्याने भंगारातून उचलून आणली होती. वाळूने घासली होती. दांडीच्या टोकाला मोडक्या खाटेची पितळी मूठ बसवली होती, आणि त्या मुठीचं त्याला शेगडीहून जास्त कौतुक होतं.

मूठ नव्हती. तिच्या जागी लोखंडाची चपटी चकती होती.

"मूठ कुठाय?"

"भावोजींनी काढली," बायको म्हणाली. ती भांडं दोन्ही हातांनी धरून पाणी ओतत होती. "अहो, त्या पट्टीचं जरा—"

"पट्टीचं तू मला सांगतेस?"

ती थांबली. भांडं त्याच्यासमोर ठेवलं आणि पदराला हात पुसत आत गेली.

त्याच्या खुंटीवर धाकट्याचे हातमोजे होते. त्याने ते काढून दुसरीकडे टांगले. धाकटा म्हणजे त्याचा भाऊ. लाकूड कापायच्या गिरणीत कामाला, अंगणापलीकडच्या खोलीत एकटा राहायचा, जेवायला इकडे यायचा. तो आला, दादाला बघून हसला, पाठीवर थाप मारली, आणि बोलता बोलता न बघता खुंटीकडे हात लांबवला. हात रिकाम्या खुंटीवर आपटला.

न बघता. म्हणजे सवयीने.

रात्रीची लाकडं थोरल्याने स्वतः भरली. कुणाला हात लावू दिला नाही. दार लावलं, दांडी बाहेर ओढली, हात झटकले आणि म्हणाला, "आता सकाळपर्यंत बघायचं काम नाही."

बायको आणि धाकट्याने एकमेकांकडे पाहिलं. धाकट्याने तोंड उघडलं. बायकोने मान हलवली, अगदी इतकीशी. धाकट्याने तोंड मिटलं.

ती मान त्याने पाहिली.

पहाटे घर गार पडलं होतं. शेगडीत पांढरी राख, निखारा नावाला नाही, रात्रीची सगळी लाकडं खलास. त्याने नवी लाकडं रचली, काडी लावली, हवा हवी म्हणून दांडी पार आत ढकलली. आग जरा वेळ तगली, मग घुसमटली. दाराच्या फटीतून धूर खोलीत आला. काच काळी झाली.

म्हातारी गोधडीतून खोकत म्हणाली, "धाकट्याच्या हाताची सवय झालीय रे तिला."

राख

हवा यायच्या भोकात राख अडकली असणार.

त्याने राखेचा खण ओढून काढला, आत हात घातला, कोपरापर्यंत पांढरा झाला. भोकात राख नव्हती. कुणीतरी रोज निगुतीने काढलेली दिसत होती. कुणीतरी म्हणजे कोण, ते विचारायची गरज नव्हती.

खण रिता करायला तो अंगणात गेला. तिथे दारापासून लाकडाच्या ढिगापर्यंत राखेचा पट्टा पसरलेला. बर्फावर पाय घसरू नये म्हणून. पट्टा ढिगापाशी थांबत होता, धाकट्याच्या खोलीकडे जात नव्हता. म्हणजे धाकट्याने तो स्वतःसाठी घातला नव्हता.

"फारच लाड चाललेत," तो आत येऊन म्हणाला.

"कुणाचे?" बायकोने विचारलं.

"वाटेचे."

ती कणीक मळत होती, एका हाताने. दुसरा हात नुसता परातीच्या काठावर ठेवलेला. पूर्वी ती दोन्ही हातांनी मळायची, परात नाचायची. आता सगळं आरामात चाललेलं. त्याला वाटलं, बरोबर आहे. माणूस खुशीत असला की घाई करत नाही.

दोरी

दांडी ओढून हवा बंद केली तरी आग भडकते, तर हवा दुसरीकडून आत येते. हे कुणीही सांगेल. दाराच्या कडेला खाचेत जाड दोरी असते, जळत नाही अशा धाग्याची. ती झिजली की दार घट्ट बसत नाही.

त्याने वर्तमानपत्राची पट्टी फाडली, दारात धरली, दार लावलं, पट्टी ओढली. अडकायला हवी होती. वरच्या बाजूला अडकली. बिजागरीपाशी अडकली. कडीपाशी जरा सैल निघाल्यासारखी वाटली. पुन्हा केलं. या वेळी फाटली. तरी तो म्हणाला, "दोरी गेलीय."

धाकटा चौकटीला टेकून उभा होता. "दादा, दोरी ठीक आहे. मीच पाहिली होती ना. खरं तर त्या—"

"भावोजी," बायको आतून म्हणाली. "पाणी भरायचंय."

आणि भावोजी पाणी भरायला गेले.

बाजारातल्या वेल्डरकडे दोरी मिळायची. वेल्डर हा तोंडाने मोकळा माणूस. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवून त्याने दोरी मापून दिली.

"तुमच्या घरी त्या शेगडीचं काय लावलंय रे? परवा-परवा तुझा भाऊ येऊन गेला. माझं ड्रिल घेऊन बसला, एक चकती कापून घेतली, सगळी दुपार घासत होता कडा. म्हटलं, दागिना करतोस की काय. तर म्हणतो, वहिनीला लागू नये."

"काय लागू नये?"

"मला काय माहीत. तुझी बायको, तुझा भाऊ, तुझी शेगडी." वेल्डर हसला. "आम्ही नुसतं भोक पाडायचं सांगितलं तर पाडतो."

तो दोरी खिशात कोंबून निघाला. येताना वाटेत दोनदा थांबला. खोकला येतोय असं त्याने स्वतःला सांगितलं.

घरात शिरला तर घर ऊबदार. शेगडीत ज्योत खालच्या अंगाने सरपटत होती, निळसर, सावकाश. काच स्वच्छ.

"कोण आलं होतं?"

"कोण येणार? मी आणि आई."

"मग ही कुणी लावली?"

"मी."

"कशी?"

"लाकडं टाकली, पेटली, हवा कमी केली." तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात थोडी गंमत होती, थोडा राग होता. "तुम्हीच बघा ना. तुमचीच आहे शेगडी."

"मी असलो की विझते. मी गेलो की नीट चालते."

"तसंच दिसतंय खरं," म्हातारी म्हणाली.

त्याने जळती शेगडी विझू दिली, गार होऊ दिली, जुनी दोरी खरवडून काढली. चांगली होती. नवी बसवली. शेगडी पेटवल्यावर नव्या दोरीचा घाण वास आला आणि सगळ्यांची डोकी दुखली. मग दांडी बाहेर ओढली. आग भडकली.

लाकूड

लाकूड ओलं आहे.

लाकूड ओलं होतंच. उन्हाळाभर पाऊस झाला होता, सगळ्यांचंच ओलं होतं. पण ढिगाकडे तो गेला ते ओल बघायला नाही. ढीग कसा रचलाय ते बघायला गेला. साल वरच्या बाजूला, मधे हवेला जागा, कडेला गिरणीतले काप. धाकट्याची रचना. आणि ढीग उतरला होता. शेगडी अशीच खात राहिली तर तो बर्फ वितळेपर्यंत पुरणार नव्हता. मग धाकट्याच्या गिरणीतून आणावं लागणार. म्हणजे धाकट्यासमोर उभं राहून म्हणावं लागणार, की लाकूड दे.

त्याने सगळा ढीग उतरवला आणि साल खाली करून पुन्हा रचला. दिवस गेला. पाठ गेली.

"साल वर असली की पाणी ओघळून जातं, दादा," धाकटा कामावरून येताना म्हणाला.

"माहितेय मला."

"मग?"

"मग काही नाही."

नळी

उरली नळी. नळीत काजळी धरली की धूर कोंडतो. बर्फ पडत नव्हता, ऊन होतं, तो शिडी लावून छपरावर चढला. नळीवरची टोपी काढली, बांबूला तारेचा ब्रश बांधला आणि वरून खाली घासायला लागला. काजळी डांबरासारखी, चिकट. ओल्या लाकडाची अशीच होते. हात खांद्यापासून भरून आला. अर्धी नळी झाली तेव्हा दम खायला तो छपराच्या कण्यावर बसला आणि खाली पाहिलं.

खाली अंगणात हौदाशी बायको होती. धुतलेलं लुगडं तिने हौदातून काढलं, एक टोक आपल्या डाव्या हाताला गुंडाळलं, दुसरं टोक धाकट्याने धरलं. तो पिळायला लागला. एका बाजूने तो पीळ देत होता, दुसऱ्या बाजूला ती नुसतं धरून. पाणी खळखळून पडलं. काहीतरी तो म्हणाला, ती हसली. मग त्याने तिची चोळीही पिळली. घरातलाच फडका असल्यासारखी, बघायचीसुद्धा गरज नसल्यासारखी.

थोरला छपरावर बसून राहिला. हातातून बांबू सुटला, ब्रशासकट घसरत जाऊन पन्हाळीत अडकला. खालच्या दोघांनी वर पाहिलं.

"काय झालं हो?" तिने विचारलं.

"काही नाही. झालं काम."

झालं नव्हतं. खालची अर्धी नळी तशीच राहिली होती. त्याने टोपी बसवली आणि उतरला.

जे त्याने तपासलं नाही

तिने भांडं दोन्ही हातांनी उचललं.

तिने कणीक एका हाताने मळली.

अंथरुणात त्याने तिचा हात धरला तेव्हा तिने तो झटकन काढून घेतला. झोपेत नव्हती. मग म्हणाली, "गार आहे तुमचा हात." त्याने तो मांडीखाली घालून गरम केला. पुन्हा धरला नाही.

पूर्वी ती उजव्या कुशीवर झोपायची. आता डाव्या. आता पाठ त्याच्याकडे.

हे सगळं त्याने पाहिलं होतं. एकेक गोष्ट मनात ठेवली होती. आणि प्रत्येक गोष्ट धाकट्याच्या नावावर मांडली होती, कारण दुसरं नाव त्याच्यापाशी नव्हतं.

पट्टी

पट्टीकडे तो सगळ्यांत शेवटी वळला. ती त्याने स्वतः बसवली होती. आपल्या घराचं दार कोणत्या बाजूला उघडतं हे कुणी तपासत नाही.

सकाळी शेगडी गार होती, बायको गोठ्यात, धाकटा कामावर. तो पोटावर झोपला, गाल फरशीला टेकवला, खण काढला आणि आत पाहिलं. मग दांडी हलवली. गार असताना ती दोन बोटांनी सरकायची. बाहेर ओढली. भोक उघडलं.

पुन्हा. आत ढकलली. भोक बंद झालं.

तो तसाच पडून राहिला. फरशीचा गारवा गालातून दातांत गेला. मग त्याने स्पॅनर आणला, बोल्ट काढला, पट्टी बाहेर ओढली आणि खिडकीपाशी धरली. पट्टी टोकाला टोक उलटी फिरवलेली. बोल्टचं जुनं भोक रिकामं. दुसऱ्या टोकाला नवं पाडलेलं, कडा घासून गुळगुळीत केलेलं भोक.

म्हणजे इतके दिवस तो बंद करत होता तेव्हा उघडत होता. उघडत होता तेव्हा बंद करत होता. आणि घरात सगळ्यांना माहीत होतं. बायकोला, भावाला. आईलासुद्धा असेल. सगळे बघत होते. त्याने दोरी बदलली, ढीग उपसला, छपरावर चढला, आणि हे बघत होते.

म्हातारी गोधडीतून म्हणाली, "सापडलं का?"

"काय?"

"जे शोधतोयस ते."

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असतंय. मी पडल्या पडल्या ऊब खाते." आणि तिने तोंड भिंतीकडे केलं. गोधडी जराशी हलत होती. हसत होती की खोकत होती ते कळलं नाही.

त्याने पट्टी फिरवली. जुन्या भोकात बोल्ट घातला आणि हात दुखेपर्यंत आवळला. आता पूर्वीसारखं. बाहेर ओढली की बंद. मूठ मात्र मिळाली नाही, चकतीच ठेवावी लागली.

सांगायचं का, असा विचार त्याच्या मनात आला. दाराशी जाऊन गोठ्याकडे तोंड करून एक हाक मारायची, एवढंच. त्याने हाक मारली नाही. मला कुणी सांगितलं होतं? त्याने कुऱ्हाड उचलली, दोर खांद्यावर टाकला आणि वाळकं मिळतं का बघायला रानाच्या कडेला गेला. जाताना, किती दिवसांनी, तो शीळ घालत होता.

उलट

परतताना लांबूनच त्याला नळीच्या टोपीतून ठिणग्या उडताना दिसल्या.

आधी त्याला कळलं नाही. मग कळलं. मग तो पाठीवरच्या मोळीसकट पळाला. अंगणात पोचला तेव्हा नळीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, पुलावरून काहीतरी अवजड जात राहावं तसा. अर्धवट घासलेल्या नळीतली काजळी पेटली होती.

दारात तो थांबला.

आत नळी छपरापर्यंत लाल. म्हातारी गोधडीसकट कोपऱ्यात सरकलेली. बायको शेगडीपुढे उभी, लुगडं वर खोचलेलं, आणि उजव्या पायाच्या टाचेने दांडीची चकती आत ढकलत होती. दांडी आधीच आत होती. तरी ढकलत होती, पुन्हा पुन्हा, सगळा भार देऊन. "बंद होत नाही," ती म्हणत होती. "बंद होत नाही, भावोजी."

धाकटा परसदारातून आत घुसला, ओलं गोणपाट टाकून खाली वाकला आणि तळव्याने दांडी आत दाबली. आत. तोही आत.

थोरल्याने दारातून हे पाहिलं. एक टाच आणि एक तळवा, एकाच दिशेला. किती दिवसांची सवय असेल ती. न बोलता, न विचारता, दोघांचं अंग एकाच बाजूला जात होतं, आणि त्या घरात एकटा तोच दुसऱ्या बाजूला ओढणारा होता. आग डोक्यावर असताना त्याला हे दिसलं. आग डोक्यावर असताना तो त्याकडे बघत राहिला. फार वेळ नाही. पण राहिला.

मग मोळी टाकून तो पुढे झाला, धाकट्याला खांद्याने बाजूला सारलं आणि चकती धरली.

गरम झाली की पट्टी फुगते, आवळते. मूठ असती तर पकड मिळाली असती. चपट्या चकतीला बोटं अडकेनात. त्याने एक पाय शेगडीच्या पायाला लावला आणि उघड्या हाताने ओढली. कातडीचा आवाज झाला. ओढत राहिला. दांडी सुटली, बाहेर आली, आणि आगीचा आवाज एकदम बसला. नळी आणखी थोडा वेळ घरघरत राहिली, मग तिचा लाल रंग वरून खाली उतरत गेला. धाकटा शिडीवरून छपरावर गेला, नळीभोवती बर्फ रचून आला. छपराची एक फळी काळी झाली होती, जळली नव्हती.



म्हातारी बोलली. "तीन तीन धडधाकट माणसं, आणि एक शेगडी मिटवता येईना."

हात

"तू फिरवलीस पट्टी?" धाकट्याने विचारलं.

"मी नाही फिरवली. मी नीट केली."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत मला?"

धाकटा वहिनीकडे बघायला लागला. ती पाण्याचं भांडं घेऊन आली होती, थोरल्याचा हात त्यात बुडवत होती. तळव्यावर चकतीचा गोल उमटला होता.

"मी सांगणार होते," ती म्हणाली. "पहिल्याच संध्याकाळी."

"मग का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात, तू मला सांगतेस? म्हटलं, नाही सांगत. बघू दे त्यांनाच. एक दिवस मजा वाटली. मग तुम्ही बोलेनासेच झालात, आणि मग सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं."

"सगळं म्हणजे?"

त्याने विचारलं. धाकटा खाली बघत होता. म्हातारीने गोधडी अंगाभोवती ओढून घेतली. इतके दिवस तो जे ऐकायच्या भीतीने फिरत होता, ते आता या खोलीत कुणीतरी बोलणार होतं.

तिने आपला उजवा हात पुढे केला. बाही वर सारली. मनगटाच्या बाजूला हाड वर आलेलं, बोरासारखं. हात किंचित बाहेरच्या अंगाला वळलेला, घाईत लावलेल्या बिजागरीसारखा.

"पहिला बर्फ पडला तेव्हा घसरले. लाकडं आणताना. तेव्हा खालचा रस्ताही बंद होता, डॉक्टर येऊ शकला नाही. भावोजींनी गिरणीतल्या दोन पट्ट्या लावून बांधला."

"वाकडा बसला," धाकटा म्हणाला. "मला येत नाही ते काम, दादा. जमेल तसं केलं."

"मला निरोप का नाही पाठवला?"

"तुम्ही तळ सोडून आला असता."

"आलो असतो."

"म्हणूनच नाही पाठवला. पुढच्या हंगामाला त्यांनी तुम्हाला घेतलं नसतं. भावोजींना मीच शपथ घातली होती."

आपण खरंच आलो असतो का, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं. धाकट्यासमोर मात्र तो पुन्हा म्हणाला, "आलो असतो."

"गरम पट्टी ओढायला ताकद लागते," ती म्हणाली. "डाव्या हाताने ओढायची तर उजवा खाली टेकवावा लागतो, आणि टेकवला की कळ पार डोक्यात जाते. रात्री आग अंगावर आल्यासारखी व्हायची आणि मला मिटवता यायची नाही. रोज भावोजींना बोलवायचं. मग ते म्हणाले, वहिनी, ओढता येत नसेल तर ढकलता येतं का? म्हटलं, टाचेने येईल. सकाळी गार असते, तेव्हा दोन बोटांनीही निघते."

तिने त्याच्या तळव्यावर फडकं गुंडाळलं, एक टोक डाव्या हातात, दुसरं दातांत धरून गाठ मारली. सफाईने मारली. म्हणजे हेही ती केव्हाच शिकली होती.

"मी फिरवून देतो पुन्हा," धाकटा उठला.

"बस तू."

"तुझा हात भाजलाय."

"बस म्हटलं ना. स्पॅनर दे."

शेगडी गार व्हायला दुपार गेली. तो पुन्हा पोटावर झोपला आणि डाव्या हाताने बोल्ट सोडवत बसला. बोल्ट त्यानेच सकाळी एवढा आवळला होता, की तो स्वतःलाच शिव्या देत होता. पट्टी काढली, फिरवली. धाकट्याच्या भोकात बोल्ट घातला. भोक बरोबर मधोमध होतं. थोडं जरी इकडेतिकडे असतं तर त्याला बरं वाटलं असतं. चकतीही बोटांनी चाचपली. कडेला कुठे धार नव्हती. आणि ती कुठे बसवायची, टाच किती उंचीवर येते, हे कुणीतरी वाकून बघितलं असणार, ती पाय पुढे करून उभी असताना. ते बघणं त्याचं होतं. ते त्याच्या हातून गेलं होतं, आणि पट्टी कितीही वेळा फिरवली तरी ते परत येणार नव्हतं.

म्हातारीने उशाखालून काहीतरी काढून त्याच्याकडे सरकवलं. पितळी मूठ. "घे. पाय दुखतात म्हणून घासत होते तिने. लावतोस का?"

त्याने ती हातात घेऊन पाहिली. चांगली चकाकत होती.

"राहू दे तुझ्याकडेच. टाचेखाली गोल काय कामाचं."

धाकटा परसदारी उभा होता, जावं की थांबावं ते न कळून. हातमोजे हातात. थोरल्याने खुंटीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "टांग की," तो म्हणाला. "कुठल्याही खुंटीला टांग." आणि मग, आवाज जरा चढवून, "पण उद्यापासून कपडे मी पिळणार."

"तुझा हात—"

"एका हाताने पिळीन."

"म्हणजे दोघांचा मिळून दीड हात," म्हातारी म्हणाली. "लुगडं वाळायला उन्हाळा उजाडेल."

बायको हसली. छपरावरून ऐकलं होतं तेच हसणं. जवळून ते एवढं मोठं नव्हतं.

संध्याकाळी त्याने लाकडं भरली. आग धरली, ज्योती वर चढल्या, काच हळूहळू पिवळी उजळली. ती मागे उभी होती, हात पदरात घेऊन. त्याने दार लावलं, वाकला, डावा हात चकतीवर ठेवला आणि दांडी बाहेर ओढायला लागला.

"आत," ती म्हणाली.